लक्ष्मी रस्त्याला हवा वर्षभराचा कारभारी

लक्ष्मी रस्त्यावरून मोटारी हटल्या की काय होते, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. अनंत चतुर्दशीला मानाचे गणपती मंडईतून निघून बेलबाग चौकात येतात आणि तिथून टिळक चौकापर्यंतचा सारा रस्ता माणसांचा होतो. २०२१ मध्ये त्यात आणखी एका दिवसाची भर पडली. त्या वर्षी ११ डिसेंबरला पुणे महापालिकेने पादचारी दिन पाळला आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्त्याचा भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवला. लोक रस्त्याच्या मधोमध चालले, मुले खेळली, ज्येष्ठ नागरिक निवांत बसले. पुढच्या काही वर्षांतही हा प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रस्ता पुन्हा पूर्ववत. तेच हॉर्न, पदपथावर त्याच दुचाकी आणि गाडी लावायला जागा शोधत घिरट्या घालणारी तीच माणसे.

पुण्याची ही सर्वांत ओळखीची बाजारपेठ आता थकली आहे. ती पुन्हा उभी कशी राहील, याची चर्चा बहुधा दोन टोकांना अडकते. एक बाजू म्हणते, रस्ता पादचाऱ्यांना देऊन टाका. दुसरी म्हणते, गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. या दोन्हींच्या मध्ये एक प्रश्न राहून जातो. हा रस्ता वर्षभर सांभाळणार कोण? जगातल्या आणि आपल्याच देशातल्या जुन्या बाजारपेठांचा अनुभव पाहिला, तर फरशी आणि दिवे यांपेक्षा याच प्रश्नाच्या उत्तराने त्यांचे भवितव्य ठरलेले दिसते.

एक रस्ता, अनेक बाजार

टिळक चौकापासून, म्हणजे अलका टॉकीजपासून, लक्ष्मी रस्ता पूर्वेकडे निघतो. कुंटे चौक, बेलबाग चौक, सिटी पोस्ट, सोन्या मारुती चौक असे टप्पे घेत तो नाना पेठेतून क्वार्टर गेटकडे जातो. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता हे शहराचे दोन मोठे उत्तर-दक्षिण मार्ग त्याला छेदतात. पश्चिमेला कापड आणि सोने, मध्ये तुळशीबाग आणि मंडईचा शेजार, पूर्वेला नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने. आजूबाजूला अप्पा बळवंत चौकातली पुस्तके, तपकीर गल्लीतले विजेचे सामान आणि रविवार पेठेतली बोहरी आळी. हुजूरपागा आणि सेवासदन या मुलींच्या शिक्षणाच्या जुन्या संस्थाही याच रस्त्यावर. १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे भरली, ती भिडे वाड्याची जागा बुधवार पेठेत, थोड्याच अंतरावर आहे.

या भागाचा व्यापार रस्त्याहून जुना आहे. बेलबाग नाना फडणवीसांनी बांधली. तुळशीबागेतले राममंदिर नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकात उभारले आणि देवळाच्या आवाराभोवती बाजार वाढत गेला. भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरायचा. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत अष्टकोनी मंडई उभी राहिली, तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. मंडईवरच्या या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. बाजारावर सार्वजनिक पैसा किती आणि कोणासाठी खर्चावा, हा वाद पुण्यात इतका जुना आहे.

या साऱ्या बाजारांना जोडणारा धागा पाहायचा असेल तर लग्नाचा बस्ता पाहावा. जुन्नर, बारामती, सातारा अशा ठिकाणांहून लग्नघरची दहा-पंधरा माणसे गाडी करून सकाळी येतात. कापडाच्या दुकानात गादीवर बसून आधी नवरीचा शालू, मग मानपानाच्या साड्या, मग नवरदेवाचा पोशाख. तिथून सराफाकडे मंगळसूत्र. मधे कुठेतरी जेवण. दुपारनंतर तुळशीबागेत बांगड्या, मुंडावळ्या, रुखवताचे सामान आणि शेवटी भांडी. एका दिवसात आठ-दहा दुकाने होतात. एकाच छताखाली एवढे सगळे, एवढ्या भावांत आणि एवढ्या घासाघिशीला वाव देऊन, कोणताही मॉल देत नाही. लक्ष्मी रस्त्याची खरी पुंजी हीच आहे. इथली दुकाने एकमेकांना गिऱ्हाईक पुरवतात. सराफाकडे आलेली बाई साडीच्या दुकानात शिरते, साडी घेतलेली मॅचिंग ब्लाउजपीस शोधायला निघते.

पण हे घडायला एका दुकानातून दुसऱ्या दुकानापर्यंत चालता आले पाहिजे. त्याच बस्त्याच्या माणसांना दोन दुकानांच्या मध्ये पाहा. पदपथावर स्टँडवर लावलेल्या दुचाकी, त्यांच्या पुढे पथारी, तिच्या बाजूला विजेची डीपी. दुकानाची पायरी पदपथावर उतरलेली. म्हणून सगळे जण पिशव्या सावरत रस्त्यावर उतरतात आणि बसच्या कडेने एकामागे एक चालतात. आजीला चालवत नाही, पण बसायला बाकडे नाही. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, ते दुकानदाराला विचारावे लागते. बरोबरचा एक जण गाडीपाशी थांबलेला, कारण ती चुकीच्या बाजूला लागली आहे. दोन दुकाने राहून जातात आणि ‘बाकीचे गावाकडेच बघू’ असे ठरते. बाजारपेठ म्हातारी होते ती अशी, एकेका राहून गेलेल्या दुकानाने.

उतरण लागली कशी

पहिले कारण वस्तीचे. पेठांतली कुटुंबे कोथरूड, सिंहगड रस्ता, बिबवेवाडी, पुढे वाकड-बाणेरपर्यंत पांगली. रोजचे, पायी येणारे गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर गेले. राहिले ते ठरवून, लांबून येणारे गिऱ्हाईक. पायी येणारा आठवड्यातून तीनदा थोडे थोडे घेतो. लांबून येणारा वर्षातून तीनदा येतो आणि येताना गाडी आणतो. म्हणजे बाजार तोच राहिला, पण त्याच्यावरचा वाहनांचा भार वाढला.

दुसरे कारण स्पर्धेचे. २०११ मध्ये नगर रस्त्यावर फिनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरला अमनोरा हे मॉल सुरू झाले. थंड हवा, सरकते जिने, स्वच्छतागृहे, गाडी लावायची सोय. त्यानंतर मोबाइलवरची खरेदी आली. मॉलने वस्तू फारशा वेगळ्या विकल्या नाहीत. त्याने दुकानांच्या मधली जागा चांगली ठेवली. मॉलला एक व्यवस्थापक असतो. सफाई, सुरक्षा, जाहिरात, सणाची सजावट, कोणते दुकान कुठे हवे, हे सारे तो पाहतो आणि त्याचा खर्च दुकानदारांकडून देखभाल शुल्क म्हणून घेतो. लक्ष्मी रस्त्याकडे उत्तम दुकाने आहेत, व्यवस्थापक नाही.

तिसरे कारण इमारतींचे. जुन्या वाड्यांत आणि चाळवजा इमारतींत भाडेकरूंचे भाडे भाडेनियंत्रणामुळे गोठलेले. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला ती स्वतःची जबाबदारी वाटत नाही. खालचे दुकान झगमगीत आणि वरचा मजला बंद किंवा गोदाम, असे दृश्य जागोजागी दिसते. जिथे वाडा पाडून नवी इमारत येते, तिथे रस्तारुंदीच्या रेषेमुळे ती मागे सरकते. शेजारची जुनी पुढेच राहते. त्यामुळे पदपथ दातेरी होतो, कुठे रुंद तर कुठे नाहीसा. रात्री दुकाने बंद झाली की वरच्या मजल्यांवर राहणारे कमी, म्हणून रस्ता लवकर सुना पडतो.

चौथे कारण कारभाराचे आणि ते सगळ्यांत कमी बोलले जाते. या एका रस्त्याचा काही भाग महापालिकेच्या कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाकडे, तर पूर्वेचा भवानी पेठ कार्यालयाकडे. डांबर पथ विभागाचे, पथारी अतिक्रमण विभागाची, सिग्नल आणि एकेरी वाहतूक पोलिसांची, बस पीएमपीची, भुयारी स्थानक महामेट्रोचे. प्रत्येकाचे काम वेगळे, वेळापत्रक वेगळे. पदपथ नवा झाला की कोणीतरी केबलसाठी तो खणतो.

गाडी गेली तर गिऱ्हाईक जाईल?

व्यापाऱ्यांची ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दुकानाचे भाडे, कामगारांचे पगार आणि दिवाळीचा भरलेला माल त्यांच्या डोक्यावर असतो. पण ही भीती तपासून पाहता येते.

बर्लिनमधल्या कोटबुसर डाम आणि हेरमानश्ट्रासे या दोन गजबजलेल्या बाजाररस्त्यांवर संशोधकांनी दुकानदार आणि ग्राहक दोघांना विचारले. दुकानदारांना वाटत होते की सुमारे २२ टक्के ग्राहक मोटारीने येतात. प्रत्यक्षात ते प्रमाण ७ टक्क्यांच्या आत होते. जो दुकानदार स्वतः गाडीने येतो, त्याला सगळेच गाडीने येतात असे वाटते, हेही त्यात दिसले. पुणे बर्लिन नाही; इथे दुचाकीचे राज्य आहे. म्हणूनच पुण्याचा आकडा पुण्यातच काढायला हवा. प्रत्येक दुकानाने आठवडाभर बिल करताना ‘कसे आलात?’ एवढे विचारून वहीत खूण केली, तरी वादाला पाया मिळेल.

कोपनहेगनच्या स्ट्रोएट या मुख्य बाजाररस्त्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारी बंद झाल्या, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनीही धंदा बुडेल म्हणून विरोध केला होता. सुरुवात तात्पुरत्या प्रयोगाने झाली, १९६४ मध्ये तो कायम झाला. आज तो युरोपातल्या नावाजलेल्या बाजाररस्त्यांपैकी एक आहे. चेन्नईच्या पाँडी बाजारात आधी वाहनमुक्त दिवसांचे प्रयोग झाले आणि २०१९ मध्ये रुंद पदपथांचा रस्ता लोकांना खुला झाला.

दिल्लीच्या चांदणी चौकाची गोष्ट अधिक सावध करणारी आहे. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा १.३ किलोमीटरचा भाग नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनांना बंदी. लाल दगडाची फरशी, बसायच्या जागा, झाडे, सगळे देखणे. पण थोड्याच काळात दुचाकी आत शिरू लागल्या, अडथळ्याचे खांब तुटले, पदपथ पुन्हा अडले. बांधकामाला पैसा मिळाला, रोजच्या देखरेखीला भक्कम व्यवस्था मिळाली नाही. पुण्यातल्या लष्कर भागातही महात्मा गांधी रस्त्यावर शनिवार-रविवारच्या संध्याकाळी वॉकिंग प्लाझा भरायचा. तो लोकांना आवडला, तरी टिकला नाही. उद्घाटनाला सगळे असतात. चारशेव्या दिवशी तुटलेला खांब कोण बदलतो, यावर रस्त्याचे यश ठरते.

लक्ष्मी रस्त्याची स्वतःची रचना

महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद झाले, बसायच्या आणि मुलांच्या खेळायच्या जागा आल्या. त्यामागचे शास्त्र साधे आहे. चांगल्या पदपथाचे तीन पट्टे असतात. दुकानाला लागून एक अरुंद पट्टा, जिथे गिऱ्हाईक थांबून काचेतून बघते. मधला पट्टा फक्त चालण्यासाठी. भारतीय मानकांनुसार तो किमान १.८ मीटर मोकळा हवा आणि बाजारपेठेत त्याहून बराच जास्त. रस्त्याकडचा तिसरा पट्टा झाड, दिवा, बाकडे, डीपी आणि पथारीसाठी. आज लक्ष्मी रस्त्यावर हे तिन्ही पट्टे एकमेकांत मिसळले आहेत. मधला मोकळा ठेवणे हा निम्मा विजय.

पण जंगली महाराज रस्त्याचा नकाशा इथे जसाच्या तसा चालणार नाही. कारण इथून विसर्जन मिरवणूक जाते. २४ तासांहून अधिक काळ ढोल-ताशा पथके, उंच रथ आणि लाखो माणसे या रस्त्यावर असतात. म्हणून उंच कट्टे, पक्क्या कुंड्या आणि मधोमध रोवलेले खांब इथे नकोत. पदपथ आणि रस्ता जवळजवळ एका पातळीत असावा, खांब काढता-घालता येणारे असावेत, बाकडी उचलून ठेवता यावीत. अग्निशामक गाडीची वाट बारा महिने मोकळी हवी, कारण मागच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि कापड, कागद, प्लास्टिक यांची गोदामे दाटीने आहेत. मिरवणुकीला सोयीचा रस्ता हा पादचाऱ्यालाही सोयीचा असतो. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना या रस्त्याचा प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक वाकलेली तार ठाऊक असते. नकाशा काढणाऱ्यांनी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रस्ता चालावा.

माल चढ-उताराचा विचारही आधी व्हायला हवा. कापडाचे गठ्ठे टेम्पोतून येतात आणि हमाल ते दुकानात नेतात. पहाटे ते सकाळी दहा आणि रात्री दुकाने मिटल्यावर, अशी ठरलेली वेळ आणि गल्लीच्या तोंडाशी ठरलेल्या जागा असल्या, तर दिवसभराची अर्धी कोंडी सुटेल. हमाल पंचायत ही संघटना डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली याच शहरात उभी राहिली. त्यामुळे हमालांची बाजू मांडायला इथे संघटित आवाज आहे.

आता गाड्या लावण्याचे गणित. एक मोटार उभी करायला सुमारे ५ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. पेठेतली कित्येक दुकाने याहून फार मोठी नाहीत. दुकानाच्या जागेला लाखोंचे मोल आणि त्याच्यासमोरची तेवढीच सार्वजनिक जागा दिवसभर एका गाडीला फुकट. त्यातही दुकानदारांच्या आणि कामगारांच्या गाड्या सकाळी येतात आणि रात्रीपर्यंत हलत नाहीत. सम-विषम तारखांच्या पाट्या बाजू बदलतात, गाड्या नाही. दारासमोरची जागा तासाभरासाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळावी, दिवसभराच्या गाड्या मंडईजवळच्या बाबू गेनू वाहनतळासारख्या ठिकाणी जाव्यात आणि अपंग-वृद्धांसाठी जवळची जागा राखीव असावी. यासाठी जागेला वेळेनुसार दर लावावाच लागेल.

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, पण विरोधामुळे ते रखडले. अशाच विरोधातून कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहराने वाट काढली. तिथल्या जुन्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना पार्किंगचे मीटर नको होते. शहराने सांगितले, मीटरचा पैसा तुमच्याच रस्त्यावर खर्च करू. १९९३ मध्ये मीटर बसले आणि त्या उत्पन्नातून पदपथ, झाडे, दिवे आणि रोजची सफाई झाली. पडीक झालेली ती पेठ पुन्हा गजबजली. ‘आमचा पैसा आमच्या दारात दिसतो’ हे पटले की विरोध मावळतो.

पथारीवाला हा बाजाराचाच भाग

बाजार सुधारायचा म्हटले की पहिला दंडुका पथारीवर पडतो. हे अन्यायाचे आहे आणि बाजाराच्या तोट्याचेही. तुळशीबागेत येणाऱ्या मुली कानातले, क्लिपा, पर्स यांसाठी येतात आणि मग आतल्या दुकानांतही शिरतात. स्वस्त वस्तू गर्दी आणते, गर्दीतून महाग वस्तूही खपते.

२०१४ चा पथविक्रेता कायदा याबाबत स्पष्ट आहे. पाहणी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. विक्रीचे आणि ना-विक्रीचे विभाग याच समितीच्या सल्ल्याने ठरायचे. याचा अर्थ पथारी कुठेही पसरावी असा होत नाही. पदपथाच्या तिसऱ्या पट्ट्यात आखलेली जागा, ठरलेले माप, नाव-क्रमांकाची पाटी, कचऱ्याची जबाबदारी आणि बदल्यात रोजच्या हप्त्याच्या आणि जप्तीच्या भीतीतून सुटका, असा हा व्यवहार आहे. दुकानदारानेही आपली पायरी, पुतळा आणि फलक पदपथावरून आत घ्यायचा. नियम एकालाच लावला तर तो कोणीच पाळत नाही.

मेट्रो आली, आता टोरांटोकडे पाहू

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि मंडई व कसबा पेठ ही स्थानके शहराला मिळाली. पिंपरी-चिंचवडहून निघालेले कुटुंब आता गाडी न काढता मंडईत वर येऊ शकते. पेठांच्या इतिहासात एवढी मोठी वाहतुकीची सोय पहिल्यांदाच झाली आहे. पण नुसती मेट्रो पुरत नाही, हे टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटने पाहिले आहे. १९६० च्या दशकात तिथे ट्रामऐवजी भुयारी रेल्वे आली. रस्त्यावरून जाणारे गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले, त्यात मॉलची स्पर्धा सुरू झाली. पश्चिमेकडच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या व्यापाऱ्यांनी मग एक धाडसी मागणी केली. आमच्या भागातल्या प्रत्येक व्यावसायिकाकडून थोडा जादा कर घ्या आणि तो आमच्याच मंडळाला या रस्त्यासाठी खर्चू द्या. १९७० मध्ये तसे मंडळ स्थापन झाले. दिवे, बाकडी, झाडे, सणांचे कार्यक्रम यांतून रस्ता सावरला. व्यापाऱ्यांनी स्वतःवर लावून घेतलेल्या कराचे ते जगातले पहिले उदाहरण मानले जाते. आज एकट्या टोरांटोत अशी ८० हून अधिक मंडळे आहेत.

या पद्धतीत एक उणीवही आहे. पैसा देणाऱ्याचाच शब्द चालतो आणि फेरीवाला, भाडेकरू, रहिवासी बाहेर राहतो. पुण्याने ती उणीव टाळावी.

पुण्याला ही कल्पना परकी नाही. गणेशोत्सवात गल्लीतले प्रत्येक घर आणि दुकान वर्गणी देते, पावती घेते, हिशेब विचारते. दहा दिवसांसाठी मांडव, दिवे, पाणी, स्वयंसेवक आणि लाखोंची गर्दी सांभाळणारी यंत्रणा याच पेठांत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तयार होत आली आहे. तीच शक्ती बारा महिन्यांसाठी वापरता येईल. लक्ष्मी रस्त्याचे एक कारभारी मंडळ असावे. त्यात दुकानदार, पथारीवाले, हमाल, वरच्या मजल्यांवर राहणारे रहिवासी, गणेश मंडळे, शाळांचे प्रतिनिधी, आणि महापालिका, वाहतूक पोलीस, पीएमपी व महामेट्रोचे निर्णय घेऊ शकणारे अधिकारी असावेत. खरेदीला येणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य, म्हणून मंडळात निम्म्या जागा त्यांना द्याव्यात. मंडळाकडे एक पगारी व्यवस्थापक, दुकानांची वर्गणी, पार्किंगच्या उत्पन्नाचा ठरलेला वाटा आणि दर तिमाहीला चौकात लावला जाणारा हिशेब असावा.

या मंडळाचे पहिले वर्ष मोजणीचे आणि प्रयोगाचे असावे. गिऱ्हाईक कसे येते, किती वेळ थांबते, किती दुकानांत जाते याची मोजणी. मग महिन्यातून एक रविवार वाहनमुक्त आणि त्या दिवशीच्या विक्रीची आधीच्या रविवारांशी तुलना. २०२१ मध्ये पेठांमध्ये १० रुपयांत दिवसभर फिरवणारी ‘पुण्यदशम’ ही छोट्या बसची सेवा सुरू झाली होती. तशा बस त्या दिवशी मंडई स्थानक, डेक्कन आणि बाजारपेठ यांच्यात सतत फिरत्या ठेवाव्यात. आकडे चांगले आले तर महिन्याचे दोन रविवार, मग दर आठवड्याला, मग रोजची संध्याकाळ. वाईट आले तर कारण शोधून रचना बदलावी. पक्की फरशी सर्वांत शेवटी, आणि ती टाकण्याआधी सगळ्या केबल व वाहिन्यांसाठी एकच समाईक नळी. दुसऱ्या वर्षापासून वरच्या मजल्यांकडे वळावे. दुरुस्तीसाठी मालक आणि भाडेकरू यांच्यात समेट घडवणे आणि रिकाम्या खोल्यांत विद्यार्थी, छोटी कार्यालये, शिवणकाम असे काही आणणे हेही याच मंडळाने करावे. वर माणसे राहिली तर खालचा रस्ता रात्रीही सुरक्षित राहतो.

हे सारे कोणीतरी वरून करून देईल म्हणून थांबायची गरज नाही. पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांवरची कामे अर्थसंकल्पात घेते. त्यासाठीचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. एका चौकात चार बाकडी, एका शाळेसमोर सुरक्षित ओलांडणी, मंडई स्थानकापासून लक्ष्मी रस्त्यापर्यंत अखंड पदपथ, अशा छोट्या मागण्या तिथून करता येतात. दुकानदारांनी आठवडाभराची ती वही आजच सुरू करावी. पथारीवाल्यांच्या संघटनांनी आपल्या जागांचा नकाशा स्वतः काढून द्यावा. आणि वाचकहो, येत्या ११ डिसेंबरला गाडी घरी ठेवा, मेट्रोने किंवा बसने लक्ष्मी रस्त्यावर या आणि नुसते फिरून जाऊ नका, खरेदी करा. व्यापाऱ्याच्या गल्ल्यात त्या दिवशी पडलेला पैसा कोणत्याही निवेदनापेक्षा जास्त पटेल.